जुनी बंदूक विकत घेताना: ती चोरीची नाही, हे पडताळायचे कसे?

वाचकाचे पत्र:

मी वेंगुर्ले तालुक्यात आंबा-काजूची बागायत करतो. रानडुकरे आणि वानर यांच्या उपद्रवामुळे शेतीसंरक्षणासाठी शस्त्र परवान्याचा अर्ज केला होता, तो गेल्या महिन्यात मंजूर झाला. गोव्यातल्या पेडण्याकडचे एक गृहस्थ आपल्या दिवंगत वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक विकायला तयार आहेत. किंमत बाजारभावाच्या जवळजवळ निम्मी सांगतात. त्यांचे म्हणणे असे की बंदूक आत्ताच घेऊन जा, कागदपत्रे मागाहून करू. नळीखालचा नंबर स्पष्ट आहे, पण चापाच्या कड्याजवळचा नंबर घासल्यासारखा दिसतो. ही बंदूक चोरीची म्हणून कुठे नोंदलेली आहे का, हे मला घरबसल्या इंटरनेटवर पाहता येईल का?

— एक बागायतदार

उत्तर:

आपण नेमक्या ठिकाणी थांबून विचारलेत, हे बरे झाले. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. नंबर टाकताच बंदुकीचा पूर्वेतिहास दाखवील अशी सर्वसामान्य माणसाला खुली असलेली सोय आपल्याकडे नाही. चोरीस गेलेल्या, हरवलेल्या आणि पोलिसांनी हस्तगत केलेल्या शस्त्रांच्या नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे (एनसीआरबी) एकत्र होतात, परंतु त्यांचा उपयोग पोलिसांनी करायचा असतो. परवान्यांचा जो राष्ट्रीय माहितीकोश आहे, ज्यामुळे प्रत्येक परवानाधारकाला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळालेला असतो, तोही परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे. पोलिसांच्या संकेतस्थळावर दाखल गुन्ह्यांचे प्रथम खबर अहवाल पाहायला मिळतात हे खरे; पण तिथे जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख देऊन शोधावे लागते. गुन्हा कुठे आणि कधी नोंदला गेला हेच ठाऊक नसेल, तर त्या ढिगातून एका बंदुकीचा नंबर हाती लागण्याची आशा धरण्यात अर्थ नाही.

आणि समजा, अशी यादी उद्या आपल्यासमोर उघडली आणि त्यात हा नंबर सापडला नाही, तरी मी आपल्याला "घ्या" असे म्हणणार नाही. जुन्या चोऱ्यांच्या नोंदी त्या त्या ठाण्याच्या कागदी वहीत असतात आणि फिर्याद लिहून घेताना एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला असतो. कित्येकदा तर मालकालाच चोरीचा पत्ता नसतो, कारण बंदूक माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असते आणि ती गेली हे निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायला म्हणून शोधाशोध सुरू झाल्यावर कळते. शिवाय घरातल्या एका वारसाने बाकीच्यांना न सांगता विकलेली बंदूक कोणत्याही चोरीच्या यादीत नसते, तरी ती विकत घेणाऱ्याच्या मागे कटकट लागतेच. म्हणून "चोरीच्या यादीत आहे का" या प्रश्नाऐवजी "कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत ती कुणाकुणाच्या हातात होती, आणि प्रत्येक वेळी त्या हाताला तिचा परवाना होता का" हा प्रश्न धरून चालावे. आपल्या देशात रीतसर वापरल्या गेलेल्या बंदुकीमागे कागदांचा एवढा माग राहतो की तो सापडत नसेल, तर त्याला काहीतरी कारण असते.

या प्रकरणात मला घासलेल्या नंबरापेक्षाही आधी एक गोष्ट खटकते. परवाना वडिलांचा होता आणि वडील आता हयात नाहीत. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो. तो घराच्या सातबाऱ्यासारखा वारसांकडे आपोआप चालत येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 नुसार, शस्त्र जवळ बाळगण्याचा कायदेशीर अधिकार संपला की ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक हत्यार विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला स्वतःचा परवाना मिळाला तर त्याला ते परत घेता येते. नाही मिळाला तर विहित मुदतीत, जमा असलेल्या जागेवरूनच, परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला ते विकता येते. म्हणजे या गृहस्थांच्या स्वतःच्या नावावर परवाना नसेल, तर बंदूक आज त्यांच्या घरात असणे हेच नियमाला धरून नाही आणि ती "आत्ताच घेऊन जा" म्हणण्याचा अधिकार त्यांना नाही. वडील कधी वारले, त्यानंतर बंदूक कुठे जमा केली, आणि जमा केल्याची पावती कुठे आहे, एवढे तीन प्रश्न त्यांना शांतपणे विचारा. पावती असेल तर आपले अर्धे काम झाले, कारण बंदूक जमा करून घेताना तिचा नंबर परवान्याशी ताडून पाहिलेला असतो.

वडिलांचा मूळ परवाना पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. छायाप्रत चालणार नाही, मूळ पुस्तिकाच हवी. तिच्यात बंदुकीचा प्रकार, बोअर, कारखान्याचे नाव आणि नंबर लिहिलेला असतो. नूतनीकरणाचे शिक्के असतात. काडतुसे कोणत्या दुकानातून कधी घेतली याच्या नोंदी असतात. नूतनीकरणात मधली पाच-सात वर्षे रिकामी असतील, तर त्या काळात बंदूक कुठे होती हे विचारायला हवे. निवडणुकीच्या काळात शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतात, याबद्दल आपल्या भागातले बागायतदार कुरकुर करत असतात, कारण डुकरे आचारसंहिता पाळत नाहीत. पण त्या जमा-पावत्यांचा जुडगा हा इथे मोठा आधार ठरतो. प्रत्येक पावतीवर नंबर आणि तारीख असते. गेल्या दोन-तीन निवडणुकांच्या पावत्यांवर तोच नंबर आणि तेच नाव असेल, तर निदान तेवढी वर्षे बंदूक त्या घरातलीच होती असे धरायला हरकत नाही. जुन्या घरांतून असे कागद सहसा कुणी फेकत नाही. परवान्याच्या पुस्तिकेतच घडी घालून ठेवलेले सापडतात.

आता नंबराकडे वळू. शस्त्र अधिनियमाचे कलम 8 या बाबतीत फार कडक आहे. बंदुकीवरचे नाव, नंबर किंवा ओळखखूण कुणीही पुसू, काढू, बदलू वा बनावट करू नये, हे त्याचे पहिले पोटकलम. कारखानदाराचे नाव, नंबर किंवा अन्य ओळखखूण नसलेले शस्त्र विकू नये, हे दुसरे. आणि तिसरे पोटकलम असे की ज्याच्या ताब्यात खूण नसलेले किंवा खूण पुसलेले, बदललेले शस्त्र सापडेल, ती खूण त्यानेच पुसली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाईल. हे तिसरे पोटकलम दोनदा वाचा. घासणारा कुणीही असो. बंदूक आपल्या घरात असेल, तर आपण ती घासली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. या गुन्ह्यासाठी 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे.

तरीही घासल्यासारखा दिसणारा प्रत्येक नंबर गुन्ह्याची खूण नसतो, हेही मला सांगायला हवे. चापाच्या कड्याजवळ हात सतत लागतो, घाम लागतो, तेलाची चिंधी फिरते; चाळीस-पन्नास वर्षांत तिथली अक्षरे पुसट होतात. वापराने झालेली झीज सगळीकडे सारखी, गुळगुळीत असते आणि आजूबाजूची नक्षीही तितकीच पुसट झालेली असते. कानसीने किंवा पॉलिश पेपरने घासलेले असेल, तर तेवढाच तुकडा किंचित खोलगट लागतो, टॉर्च तिरकी धरली की एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात आणि तिथला जुना काळसर निळा रंग जाऊन पोलाद पांढरे पडलेले असते. दुनळी बंदुकीची नळी दस्त्यापासून वेगळी करता येते. नळीखालचा लाकडी भाग काढायचा, खटका दाबून बंदूक बिजागरीवर दुमडून उघडायची आणि नळी उचलून घ्यायची. नळीच्या बुडाशी खालून जो सपाट भाग असतो तिथे, दस्त्याला जोडलेल्या लोखंडी सांगाड्याच्या सपाट पृष्ठावर आणि बहुतेक वेळा लाकडी भागाच्या आतल्या लोखंडावरही नंबर असतो. ही सगळी ठिकाणे एकमेकांशी जुळली पाहिजेत. नळीवर एक आणि सांगाड्यावर दुसरा नंबर असेल, तर ती दोन बंदुकांची जोडलेली एक बंदूक आहे. त्यातली दुसरी कुठे गेली, हे विचारण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. तिथेच नळीच्या दाब-चाचणीचे शिक्केही दिसतात. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची बंदूक असो, जम्मू किंवा मुंगेरच्या खासगी कारखान्याची असो, की एखादी जुनी विलायती असो, शिक्के आणि कारखान्याचे नाव परवान्यातल्या वर्णनाशी जुळायला हवे.

ही तपासणी विक्रेत्याच्या पडवीत बसून करू नका, पोलीस ठाण्यात किंवा हत्यार विक्रेत्याच्या दुकानात करा. आणि अस्पष्ट आकडा "वर काढण्यासाठी" आम्ल लावणे, घासून बघणे असले प्रयोग तर अजिबात करू नका. पुसलेला नंबर उमटवण्याचे काम कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी होते आणि घरगुती प्रयोगाने आपण तो पुरावा कायमचा नष्ट करून बसू.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पक्षकार आले होते. त्यांनी ओळखीतल्या माणसाकडून एकनळी बंदूक घेतली होती, परवान्याची छायाप्रत पाहूनच. नंबराचा शेवटचा आकडा छायाप्रतीत 8 होता, बंदुकीवरही 8 होता, त्यामुळे त्यांना शंका येण्याचे कारण नव्हते. परवान्यावर नोंद करून घेण्यासाठी बंदूक कार्यालयात नेली, तेव्हा तिथल्या एका जुन्या कारकुनाने खिशातले भिंग काढले आणि बराच वेळ तो एकच आकडा पाहत राहिला. आकड्याची उजवी बाजू ठोक्याने उमटलेली, कडा दबलेल्या, तळाशी जुना मळ; डावी बाजू मात्र छिन्नीने कोरलेली, उथळ आणि तळाशी स्वच्छ. मूळचा 3 होता, त्याचा 8 केला होता, आणि छायाप्रतीवरही तोच हात फिरला होता. शेजारच्या जिल्ह्यात त्या 3 च्या नंबराची चोरी बारा वर्षांपूर्वी नोंदलेली निघाली. माझे पक्षकार आरोपी झाले नाहीत, कारण बंदूक स्वतःहून दाखवायला नेणारे तेच होते. परंतु बंदूक मुद्देमालात गेली, पैसे बुडाले आणि साक्षीदार म्हणून त्यांना पुढे तीन वर्षे तारखांना जावे लागले. सगळे झाल्यावर ते मला म्हणाले, मूळ पुस्तिका बघायला मागितली असती तर अर्धा तास गेला असता.

व्यवहाराची जी रीत कायद्याने घालून दिली आहे, तिच्यातच आपल्याला हवी असलेली पडताळणी बसवलेली आहे. खासगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र परवानाधारकाला दुसऱ्या परवानाधारकास विकता येते, पण कलम 5 नुसार विकणाऱ्याने आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना, घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता देऊन, लेखी कळवायचे असते आणि कळवल्यापासून किमान 45 दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करायचे नसते. लोक या दीड महिन्याला सरकारी दिरंगाई समजतात. माझ्या मते हा काळ घेणाऱ्याच्या हिताचा आहे, कारण तेवढ्यात पोलिसांना नंबर आपल्या नोंदींशी ताडून पाहायला वेळ मिळतो. हे कळवणे विक्रेत्याचे काम आहे आणि "कागद मागाहून" म्हणणारा माणूस नेमके हेच टाळतो आहे. कलम 5 मोडून केलेल्या विक्रीला आता किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितलेली आहे, हे त्यांच्या कानावर घातले तर त्यांनाही घाई राहणार नाही.

त्यांच्या पत्राबरोबरच आपणही स्वतंत्र अर्ज द्या. बंदूक ज्या ठाण्याच्या हद्दीतली आहे तिथे, म्हणजे पेडण्याला, एक द्या आणि त्याची प्रत आपल्या ठाण्याला व ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवान्याचे काम पाहणाऱ्या शाखेला द्या. मजकूर लांबवू नका. "मी अमुक परवाना क्रमांक व अमुक ओळख क्रमांक असलेला परवानाधारक असून, श्री. अमुक यांचे दिवंगत वडील श्री. अमुक यांच्या परवान्यावर नोंदलेली, अमुक कारखान्याची, बारा बोअरची दुनळी बंदूक, नळीवरील नंबर अमुक, विकत घेण्याचा माझा मानस आहे. चापाच्या कड्याजवळील नंबर अस्पष्ट आहे. सदर शस्त्र चोरीस गेल्याची, हरवल्याची किंवा गुन्ह्यात वापरल्याची नोंद आपल्याकडे अथवा अन्यत्र आहे काय, याची पडताळणी होऊन मला लेखी कळवावे व शस्त्राची प्रत्यक्ष पाहणी व्हावी, ही विनंती." एवढे पुरे. अस्पष्ट नंबराचा उल्लेख अर्जात आपणहून केलेला असणे फार महत्त्वाचे आहे; पुढे काहीही निघाले तरी आपण काही लपवले नव्हते, हे त्या एका वाक्याने सिद्ध होते. पोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख पाहा. उत्तर तोंडी मिळाले तर त्याच्यावर व्यवहार करू नका. गावच्या पोलीस पाटलांना विचारले तर घराची माहिती कळेल, ती उपयोगी असते, पण ती लेखी उत्तराच्या जागी धरू नये.

व्यवहार दोन राज्यांतला असल्याने एक अडचण वाढते. वडिलांचा परवाना गोव्याचा, आपला सिंधुदुर्गचा. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची हद्द बहुधा मर्यादित असते, त्यामुळे सातार्ड्याचा पूल ओलांडून बंदूक आणण्याआधी आपल्या परवान्यावर हद्द काय लिहिली आहे ते पाहा आणि ती अपुरी असेल तर ने-आणीची लेखी परवानगी घ्या. त्याच बैठकीत आणखी एक ओळ वाचा. कायद्यात शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरण्याच्या, बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्यांना पटले तरच दुसऱ्या प्रकारची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. आपल्या परवान्यावर ठासणीचीच बंदूक लिहिलेली असेल, तर ही बारा बोअरची दुनळी कितीही स्वच्छ निघाली तरी आपल्याला घेता येणार नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे, हे आपल्याला माहीत असेलच. तो विषय वेगळा आहे.

निम्म्या किमतीबद्दल. स्वस्त वस्तू घेणे हा गुन्हा नाही. परंतु चोरीची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वीकारण्याचा जो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये आहे, त्यात वस्तू चोरीची असल्याचे माहीत असणे जसे येते, तसेच "तसे मानण्यास कारण असणे" हेही येते. निम्मी किंमत, रोख पैसे, घासलेला नंबर आणि नसलेले कागद हे चारही एकत्र आले, की न्यायालयात ते कारण शोधायला सरकारी वकिलांना फार श्रम पडणार नाहीत. आणि गुन्हा सोडून केवळ पैशाचा विचार केला, तरी चोराकडून घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची मालकी प्रस्थापित होत नाही, कितीही सचोटीने घेतलेली असो. वस्तुविक्री अधिनियम, 1930 चे कलम 27 तेच सांगते. बंदूक मूळ मालकाकडे जाईल आणि आपल्याला विक्रेत्यामागे दिवाणी दाव्याचा रस्ता उरेल.

विक्रेता खरा असेल, तर यातली कोणतीच अट त्याला जड जाणार नाही. बंदूक आपल्या जवळच्या परवानाधारक हत्यार विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून तिथून विकण्यात त्याचाही बचाव आहे, हे त्याला समजावून सांगा. दुकानदार थोडे कमिशन घेईल, ते निम्मे-निम्मे वाटून घ्या. आधी मूळ परवाना, वडिलांचा मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती, या तीन गोष्टी समोर येऊ देत. तोवर विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका. बोलण्याबोलण्यात दिलाच असेल, तर तो कशापोटी दिला आणि पोलिसांचे लेखी उत्तर प्रतिकूल आल्यास परत मिळेल, असे दोन ओळींत लिहून त्यांची सही घ्या. आणि बंदूक "बघायला म्हणून" एक रात्रही घरी आणू नका. ती आधीच आणली असेल, तर परत पेडण्याला नेऊन देण्याच्या भानगडीत न पडता, उद्या सकाळी ठाण्यात फोन करून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती तिथे जमा करा आणि पावती घ्या.